‘पूर्णाकाठ’मधला पाळणा

कोपरा फाडलेलं कार्ड घरात घेत नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचायचं, फाडून टाकायचं आणि पाय धुऊन आत यायचं, असा आपल्याकडे रिवाज. मी असले रिवाज पाळत नाही. मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवण्यात माझी उमर गेली. शकुन, दृष्ट, बाधा असलं काही कोणी माझ्यासमोर काढलं की मी त्याची तिथल्या तिथं शिकवणी घेते, अशी माझी अमरावतीभर ख्याती आहे. पण त्या दिवशी पोस्टमननं कार्ड हातात दिलं, फाटका कोपरा दिसला, खाली शरदचं अक्षर दिसलं आणि मी तशीच ओसरीच्या पायरीवर बसले. आत जायचं धैर्य झालं नाही. ‘आई गेली. त्रास झाला नाही. तार केली होती, ती तुम्हाला मिळाली नसावी...’ एवढाच मजकूर. म्हणजे इंदू गेली होती, तिकडे अकोल्यात तिचे दिवससुद्धा होऊन गेले होते आणि मी इकडे मुलींचे पेपर तपासत, त्यांच्या चुकांना हसत बसले होते.

त्यानंतर वर्तमानपत्रांत तिच्यावर बरंच छापून आलं. ‘पूर्णाकाठ’ या अल्पायुषी संगीत नाटकाची नायिका, विसरल्या गेलेल्या एका अलौकिक गाण्याची एकमेव धनीण, वगैरे. लिहिणाऱ्यांतल्या एकानंही तिला गाताना ऐकलेलं नाही. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय! त्याचं मला वाईट वाटलं नसतं. पण एकजात सगळ्यांनी असंही लिहिलं की अमरावतीच्या अडाणी बायकांनी एका श्रेष्ठ कलाकृतीचा गळा घोटला. हे वाचून मात्र माझं डोकं फिरलं. मी त्या नाटकात होते. नायिकेच्या नणंदेचं काम माझ्याकडे होतं आणि माझ्या गळ्याला झेपेल एवढं एक पदही होतं, म्हणजे फारसं काही नव्हतं. जे झालं ते मी पाहिलेलं आहे, म्हणून हे लिहिणं.

मी मूळची साताऱ्याकडची. नोकरी लागली म्हणून एकटीच अमरावतीला आले आणि राजापेठेत एका घराच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. पलीकडच्या खोल्यांत इंदू, तिचे यजमान दिनकरराव आणि शाळेत जाणारा शरद असं बिऱ्हाड होतं. दिनकरराव एका जिनात, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, कारकून होते. पहिल्याच दिवशी इंदू कमरेवर हात ठेवून माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, “काहून वं, एकटीच राहून राहिली का? भेव नाई लागत तुले?” मला वाटलं, ही बाई भांडायला आली आहे. मी तोऱ्यात उत्तर दिलं. ती हसली, घरात गेली आणि ताटलीत झुणका-भाकर घेऊन आली. वऱ्हाडी माणसाचं बोलणं कानाला लागतं आणि ताट पोटाला, हे मला त्या दिवशी समजलं. पुढं तिच्याशिवाय माझी संध्याकाळ सरत नसे.

तिचा आवाज... आवाजाचं वर्णन करू नये, करणारा फसतो. एवढंच सांगते की ती धुणं धूत असताना म्हणायची आणि मी हातातलं काम टाकून खिडकीशी उभी राहायचे. तिनं गुरूकडे गाणं शिकलं नव्हतं. पूर्णेच्या काठच्या एका खेड्यात ती वाढली, तिथं जात्यावर, शेतात, आमच्या हादग्यासारख्या भुलाबाईसमोर जे गायलं गेलं ते तिच्या गळ्यात आपसूक उतरलं होतं. तिचं गाणं ऐकून अण्णाजी एक दिवस आमच्या घरी आले. अण्णाजी गावातल्या बाजाच्या पेट्या दुरुस्त करत आणि मुलांना गाणं शिकवत. तेही पूर्णाकाठचेच. त्यांनी स्वतः एक नाटक लिहिलं होतं, चालीही स्वतःच बांधल्या होत्या आणि नायिकेसाठी ते कितीतरी दिवस गळा शोधत होते. त्या काळी घरंदाज बाईनं रंगमंचावर उभं राहायचं म्हणजे काही साधी गोष्ट नव्हती. पण दिनकररावांचा स्वभाव मोठा मोकळा. ते म्हणाले, “घरात फुकट गाऊनच राहिली, मंग लोकाइले ऐकू दे.” इंदूला तेव्हा दिवस गेले होते. अण्णाजी थांबले. बाळंतपण झालं, मुलगी झाली, तिचं नाव शैला ठेवलं, ती मान धरू लागली आणि मगच तालमी सुरू झाल्या.

नाटकाची गोष्ट अगदी साधी होती. पूर्णेला पूर आलेला. नायिकेचा नवरा पलीकडच्या गावी गेलेला. रात्री शेजारचा एक गडी हळूच येऊन तिला सांगतो की नाव उलटली, तो बुडाला. आत म्हातारी, आजारी सासू झोपलेली आहे. तिच्या कानावर हे गेलं तर तिचा जीव जाईल, म्हणून हिला रडताही येत नाही. पाळण्यात तान्ही मुलगी आहे. ही पाळण्याची दोरी हातात घेते आणि मुलीला निजवण्याच्या निमित्तानं गाते.

नीज माझ्या छकुले, नीज,
नदी भरली काठोकाठ,
नाव येईल पहाटे,
पाहू दोघी तिची वाट...

शब्द हे असे, अंगाईचे. चाल मात्र अंगाईची नव्हती. अण्णाजींनी पेटीवर ती पहिल्यांदा वाजवून दाखवली तेव्हा मला ती नुसतीच वेगळी आणि सुंदर वाटली. ओळ संथपणे चालत यायची, शेवटी आवाज एकदम वर जायचा आणि तिथून खाली न येता अर्ध्यावरच सुटून जायचा. मी वाहवा केली. इंदूचा चेहरा मात्र उतरला होता. ती म्हणाली, “अण्णाजी, हा तं रडण्याचा हेल हाय.”

मला यातलं काही कळलं नाही, तिनं मला नंतर समजावलं. घरात मयत झालं की तिच्या गावाकडच्या बाया प्रेताशी बसून रडतात ते नुसतं रडणं नसतं. गेलेल्या माणसाची एकेक गोष्ट आठवून, एका ठरलेल्या चालीवर, हेल काढून रडायचं. ओळीच्या शेवटी आवाज वर नेऊन सोडून द्यायचा. ती चाल एरवी कोणी तोंडात आणत नाही. लहान पोरीनं खेळता खेळता काढली तर आई तोंडावर फटका देते. अण्णाजींची धाकटी बहीण लहानपणी गेली होती आणि त्यांच्या आईचा तो हेल त्यांच्या कानात घर करून राहिला होता. शब्दांनी झोपवायचं आणि चालीनं रडायचं, अशी त्यांची कल्पना. ती थोर होती, हे मी आजही म्हणते. इंदूच्या बोलण्यावर ते हसून म्हणाले, “अवं, नाटकात मेलेला माणूस पडदा पडला की उठून चहा पेते. नाटकातलं रडणं कोणाले लागते?” इंदूनं ते गाऊन पाहिलं. एकदा गायल्यावर ते सोडवेल असं गाणंच नव्हतं ते.

आता पाळण्याचं सांगते, कारण सगळं तिथंच घडलं. तालमीला येताना इंदू शैलाला बरोबर आणायची, मूल अंगावर पीत होतं. नाटकासाठी आणलेला पाळणा रिकामाच असायचा, म्हणून ती तिला त्यात निजवायची. पोरीला त्या पाळण्याची इतकी सवय झाली की दुसरीकडे ठेवली की डोळे उघडायची आणि आकांत मांडायची. पाळण्यात ठेवायला कापडाची बाहुली शिवली होती, पण ती तशीच पेटाऱ्यात राहिली. प्रयोगाच्या दिवशीही शैलाच त्या पाळण्यात होती. यात कोणाला काही वावगं दिसलं नाही. उलट आम्हाला सगळ्यांना त्याचं कौतुकच वाटत होतं, की बघा, आमच्या नाटकात खरं मूल आहे.

प्रयोग एका जिनाच्या आवारात झाला. कापसाचा हंगाम सुरू व्हायला अवकाश होता, आवार मोकळं होतं, तिथं मांडव घातला. मागच्या हंगामातलं पिंजलेलं कापसाचं उडतं तूस कोपऱ्याकोपऱ्यांत होतंच, ते घशात जाऊ नये म्हणून अण्णाजींनी सकाळपासून पाणी मारून घेतलं होतं. बायकांना पोरांना घेऊन येता यावं म्हणून खेळ दिवेलागणीलाच ठेवला होता. पुरुष खुर्च्यांवर, बायका डाव्या हाताला सतरंज्यांवर. मांडव भरून गेला होता. पहिला अंक रंगला. माझ्या पदालासुद्धा टाळ्या पडल्या, त्यावरून लोक किती खुशीत होते ते समजा.

मग दुसऱ्या अंकात इंदूनं पाळण्याची दोरी धरली. मी विंगेत उभी होते, तिथून मला बायकांची बाजू दिसत होती. पहिली ओळ झाली आणि सतरंज्यांवरची कुजबूज थांबली. दुसऱ्या ओळीला आवाज वर गेला, सुटला, आणि एका बाईनं पदर तोंडात कोंबला. पाळण्यातून शैलाचा एक हात वर आला होता, मुठीनं काहीतरी धरू पाहत होता. तो हात सगळ्यांना दिसला. पुढं बसलेली एक म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उभी राहिली. ती ओरडली नाही. घरात सांगावं तशा आवाजात शेजारणीला म्हणाली, “जितं लेकरू पाळण्यात हाय, अन् ही त्याच्यावर रडून राहिली वं. उठा माय, उठा. लेकरं घ्या.” आणि बायका उठल्या. कोणी आरडाओरडा केला नाही, कोणी दगड मारला नाही. एकेक बाई आपलं मूल पदराखाली घेऊन निघाली. काही जणी जाता जाता रडत होत्या. इंदूला ते सगळं समोर दिसत होतं. गाणं अर्ध्यात टाकायचं नाही म्हणून ती गात राहिली आणि संपलं तेव्हा डावी बाजू रिकामी होती. पुरुष एकमेकांकडे बघत होते, त्यांना काय झालं तेच कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गावात बोलवा उठली की नाटकात काही अश्लील होतं, म्हणून बायका उठून गेल्या.

अडाणी म्हणे! त्या मांडवात ते गाणं कोणाला कळलं असेल तर त्या बायकांनाच. शब्दांच्या खाली काय चाललंय ते त्यांनी दोन ओळींत ओळखलं. खुर्च्यांवरच्या वकिलांना आणि मास्तरांना, आणि विंगेतल्या मला धरून, ते कळलं नव्हतं. नाटक कळलं म्हणून त्या उठल्या, आणि हे इतक्या वर्षांत एकाही टीकाकाराला सुचलेलं नाही.

पुढचा प्रयोग अकोल्याला होता. आम्ही बडनेऱ्याहून गाडीत बसलो तेव्हा इंदूनं शैलाला सोडलंच नाही, मूर्तिजापूर गेलं, बोरगाव गेलं, तरी तिला मांडीवर घट्ट धरून होती. आमच्या आधी बातमी अकोल्याला पोचली होती. बायकांच्या सतरंज्यांवर एकही बाई नव्हती. पाळण्यात या वेळी बाहुली होती आणि शैला माझ्याकडे, रंगपटात. इंदू गायली, पुरुषांनी टाळ्या वाजवल्या आणि ‘वन्स मोअर’चा गजर केला. संगीत नाटकात वन्स मोअर मिळाला की गाणारानं पुन्हा गायचं, हा शिरस्ता, त्यात मान असतो. इंदू उभी राहिली, प्रेक्षकांना हात जोडले आणि मान हलवून नाही म्हणाली. पुन्हा गजर झाला. ती पुन्हा नाही म्हणाली. मग शिट्ट्या सुरू झाल्या, कोणीतरी ‘मोठी आली शहाणी’ म्हणालं. अण्णाजी पेटीवरून तिच्याकडे बघत होते. त्यांनी आग्रह केला नाही, पेटीचा भाता बंद केला. अमरावतीत बायकांनी नाटक पाडलं असं म्हणायचं तर अकोल्यात पुरुषांनी पाडलं. ‘पूर्णाकाठ’ तिथं संपलं.

त्या हिवाळ्यात शैलाला घटसर्प झाला. आम्ही टांग्यातून तिला दवाखान्यात नेलं... त्याचं मी लिहीत नाही. सकाळी ती गेली. आळीतल्या बायका जमल्या आणि इंदूभोवती बसल्या. त्या वाट पाहत होत्या. आईनं हेल काढल्याशिवाय बाकीच्यांनी काढायचा नसतो. इंदूनं तोंड उघडलं. मी समोरच होते, तिच्या गळ्याच्या शिरा ताणलेल्या मला दिसल्या. मग तिनं तोंड मिटलं, आणि ते मिटूनच राहिली. बायका बराच वेळ थांबल्या आणि आपसात हळूहळू रडून उठून गेल्या. बाहेर रस्त्यावर अण्णाजी टोपी हातात धरून उभे होते. आत येणं त्यांच्यानं झालं नाही. पुढं ते परतवाड्याला निघून गेले, तिथंच पेट्या दुरुस्त करत राहिले आणि तिथंच वारले.

बऱ्याच दिवसांनी इंदूनं मला सांगितलं. “रडाले तोंड उघडलं, तं ते सुरात येऊन राहिलं होतं मालती. तालमीत घोटलेलं. पहिली ओळ, दुसरी ओळ... माह्या लेकराले मी गाणं म्हणून दाखवू का?” आणि मग जे तिला खरं विचारायचं होतं ते तिनं विचारलं. “माह्या म्हणण्यानं गेली का वं ती? तुले नव्हतं माहीत, तू साताऱ्याची. मले माहीत होतं. माहीत असून मी म्हटलं.”

मी चिडले. रडू आलं की मी चिडते, माझा स्वभावच आहे तो. म्हटलं, घटसर्पानं गेली ती. या हिवाळ्यात आपल्या आळीतून आणखी मुलं गेली, त्यांच्या आया कुठं नाटकात गात होत्या? इंदूनं ऐकून घेतलं. म्हणाली, “हे तुझं शास्त्र झालं.” पुन्हा तो विषय तिनं काढला नाही. धुणं धुताना तिचं म्हणणं बंद झालं. मी खिडकीशी उभी राहायचे आणि नुसतं कपडे आपटल्याचं ऐकू यायचं. वर्षभरात दिनकररावांनी अकोल्याच्या जिनात बदली करून घेतली आणि ते बिऱ्हाड गेलं. त्या खोल्यांत नवे भाडेकरू आले, बोलके होते, गाणंबिणंही म्हणायचे. मी खिडकी लावून घ्यायचे.

आमचं जाणं-येणं राहिलं. दिवाळीला मी अकोल्याला, नवरात्रात ती इकडे अंबादेवीला. वर्षं गेली. दिनकरराव गेले, शरद शिकून नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं. नागपूरची सून आली, विमल. आणि मग एकाएकी ‘पूर्णाकाठ’ला दिवस आले. अण्णाजींच्या संहितेची प्रत परतवाड्याहून फिरत फिरत कोणाच्या तरी हाती लागली होती. पुण्याच्या एका मासिकात एका प्राध्यापकांनी लांबलचक लेख लिहिला. त्यांनी त्या प्रसंगाला नाट्यसंगीताच्या इतिहासातला मैलाचा दगड म्हटलं, नाटक काळाच्या पुढं होतं म्हटलं, आणि शेवटी हळहळ व्यक्त केली की ज्या चालीबद्दल जुनी माणसं एवढं सांगतात ती चाल मात्र कुठंच लिहून ठेवलेली नाही. बैल गेला आणि झोपा केला. अण्णाजी जिवंत असताना यांच्यापैकी कोणी परतवाड्याची एसटी धरली नव्हती.

अकोल्याच्या कॉलेजातल्या मुलांनी ते नाटक पुन्हा करायचं ठरवलं. एक तरुण प्राध्यापक आणि दोन विद्यार्थी सायकली लोटत जठारपेठेत इंदूच्या घरी आले. दिवाळीची सुटी होती, मी तिथंच होते. पोरं गोड होती, डोळ्यांत श्रद्धा ओसंडत होती. प्राध्यापक म्हणाले, “आई, ती चाल आता फक्त तुमच्याजवळ आहे. तुम्ही एकदा म्हणून दाखवली तर महाराष्ट्रावर उपकार होतील.” इंदूनं त्यांना चिवडा दिला, चहा दिला. मग म्हणाली, “मले आठवत नाई बाप्पा. लई वर्षं झाली.” ते गेल्यावर मी तिच्याकडे पाहिलं. ती बश्या विसळत होती. तिला कशी आठवत नसेल? मला आठवत होती, माझ्यासारख्या कानफुटक्या बाईला.

त्यांनी मग स्वतःच चाल लावली. प्रयोग एका रविवारी दुपारी कॉलेजच्या सभागृहात झाला आणि त्यांनी आम्हा दोघींना पुढच्या रांगेत बसवलं. मुलगी चुणचुणीत होती, आवाजही गोड. पाळणा आला, बाहुलीला झोका दिला गेला, आणि एखाद्या भावगीतासारखी छान, हेलकावे घेणारी, बिनधोक चाल सुरू झाली. टाळ्यांचा कडकडाट झाला. वन्स मोअर आला, मुलगी हसली, पुन्हा गायली. पुन्हा आला, पुन्हा गायली. बायका मुलांना मांडीवर घेऊन कौतुकानं ऐकत होत्या. मागून कोणीतरी म्हणालं, यात उठून जाण्यासारखं काय होतं बुवा? शेवटी इंदूला मंचावर नेऊन शाल दिली. तिनं ती घडी न मोडता हातावर घेतली.

घरी चालत येताना मोर्णेच्या पुलावर ती थांबली. म्हणाली, “चांगली गायली पोट्टी. कोणाले काही होणार नाई त्यानं.” मी म्हटलं, तुझं गाणं नव्हतं ते. “नव्हतंच,” ती म्हणाली, आणि खाली पाण्याकडे बघत राहिली. पाणी कसलं, पात्रातले धोंडे दिसत होते. मग बोलू लागली, माझ्याशी बोलत असावी असं मला वाटतं. “शैलाचा एकही फोटो नाई. हे म्हणत, वर्षाची झाली की काढू. शरदले तिचा चेहरा आठवत नाई. मले बी आता... नाक कसं होतं, इचार करा लागते. पण त्या गाण्यात ती होती ना वं. मी म्हणत होती तं ती पाळण्यातून माह्याकडे पाहून राहिली होती. तेवढं मले दिसते. पण म्हटलं तरच दिसते. नाई म्हटलं तं ती कुठंच राहत नाई.”

“मग म्हण की,” मी म्हटलं. “इथं म्हण, माझ्यासमोर. घरात कोणी लहान मूल तरी आहे का?”

“येईल ना लेकरू आता,” ती म्हणाली. “सून आली. येईल.” आणि पदर डोक्यावरून घेऊन चालू लागली.

पुढच्या वर्षी नात झाली. बारशाला मी गेले होते, तीच आमची शेवटची भेट. घर बायकांनी भरलेलं, पाळणा झेंडूनं सजवलेला. नाव ठेवून झालं, आणि आता पाळणा कोणी म्हणायचा म्हटल्यावर सगळ्यांच्या माना साहजिकच इंदूकडे वळल्या. एवढी गाणारी आजी घरात असताना दुसऱ्या कोणी कशाला म्हणायचा? इंदू म्हणाली, “दूध उतू जाऊन राहिलं,” आणि स्वयंपाकघरात गेली. चुलीवर दूध नव्हतं. मी मागून गेले होते, मी पाहिलं. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि बाहेर कोणी शेजारीण बेसूर आवाजात पाळणा म्हणत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो राहू दिला. गाडीच्या वेळेला निरोप घेताना तिनं माझ्या पिशवीत सुंठवडा भरून दिला आणि म्हणाली, “उन्हाळ्याच्या सुटीत ये वं.” ती सुटी यायच्या आधी कार्ड आलं.

परीक्षेचे निकाल लावून मी परवा अकोल्याला जाऊन आले. शरद कामावर होता. विमलनं पाणी दिलं, थोडी रडली, मीही रडले. सहा-सात महिन्यांची पोर घरभर रांगत होती आणि उन्हानं किरकिरत होती. दुपारचं जेवण झाल्यावर विमल तिला आतल्या खोलीत घेऊन गेली, म्हणून मीही तिच्या मागं जाऊन खाटेवर टेकले. इंदूची ती खोली. पडदा ओढलेला, पाळणा तिथंच टांगलेला. विमलनं मुलीला त्यात घातलं, दोरी हातात घेतली आणि गाऊ लागली.

नीज माझ्या छकुले, नीज...

शब्द मासिकात छापून आले होते, ते कोणालाही ठाऊक असतील. पण ओळ संथपणे चालत आली, शेवटी आवाज एकदम वर गेला, आणि तिथून अर्ध्यावरच सुटला. विमलचा आवाज साधा आहे, घरगुती. तरी त्या खोलीत आणखी कोणी गात होतं. इंदूचा श्वास जिथं तुटायचा तिथंच विमलचा तुटत होता. मी विचारलं, ही चाल तुला कोणी शिकवली? ती दोरी न थांबवता म्हणाली, “आईंनी. शिकवली असं नाही मावशी, आम्ही कोणी असलो की त्या म्हणायच्या नाहीत. पण दुपारी हिला घेऊन दार लोटून घेत, तेव्हा ऐकू यायची. आता हिला दुसरं काही चालतच नाही. किती छान चाल आहे ना?”

मी हो म्हटलं. मला आनंद झाला होता, खरंच झाला होता. म्हणजे इंदूनं ते पुन्हा म्हटलं. त्या बंद दाराआड शैला तिला दिसत होती, पाळण्यातून बघत होती. आणि त्याच वेळी माझी नजर पाळण्यावरून हटत नव्हती. पाळण्यातून एक मूठ वर आली, सैल झाली, खाली गेली. पोर झोपली. विमल गात राहिली. तिला सांगावं का, की बाई, हा हेल आहे, जित्या लेकरावर म्हणू नये? मी सांगावं, जन्मभर पोरींना शास्त्र शिकवलेल्या बाईनं? आणि सांगितलं तर ती म्हणायची थांबेल, आणि मग त्या दोघी कुठं राहतील? गाणं संपल्यावर मी खाटेवरून उठले, पाळण्यावर वाकले आणि त्या पोरीच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास लागत होता, ऊन, बारीक. मी बोट काढलं नाही. पाठ दुखायला लागली तरी काढलं नाही.

विमल माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता ही विचारणार, आणि मला उत्तर द्यावं लागणार. पण तिला त्यात काही नवल वाटलं नव्हतं. तिनं कोपऱ्यातलं स्टूल ओढून माझ्यामागं ठेवलं.

“बसा मावशी, तुम्हाला वाकवत नाही,” ती म्हणाली. “आई याच्यावरच बसायच्या. गाणं झालं की रोज असंच नाकाशी बोट धरून बसायच्या, ही उठेपर्यंत.”